खांबामागचं प्रॉम्प्टिंग

रोमन थिएटर कसलं डोंबलाचं, असं मी निनादला तोंडावर सांगितलं होतं. दुबईपासून दीड तासावर खोर्फक्कानला डोंगराच्या पोटाशी, समुद्राकडे तोंड करून अर्धगोल दगडी पायऱ्या बांधल्या, खांब आणि कमानी उभ्या केल्या, म्हणून काय ते रोमन झालं? खरं रोमन थिएटर मी बघितलंय. माझ्या नवऱ्याला, चारूला, कंपनीनं जॉर्डनमध्ये अम्मानला प्रोजेक्टवर पाठवलं होतं तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. जुनंपुराणं, भर शहरात, आणि अजून तिथे कार्यक्रम होतात. चारू खाली मधोमध उभा राहून नेहमीच्या आवाजात म्हणाला, शोभना, भूक लागलीय, आणि मला ते अगदी वरच्या पायरीवर स्वच्छ ऐकू आलं. ते खरं. हे आपलं आत्ताआत्ताचं, फोटो काढायला बरं. पण निनादला नाटक तिथेच करायचं होतं.

निनाद म्हणजे आमच्या दुबईच्या नाट्यमंडळाचा दिग्दर्शक. दिवसा कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, संध्याकाळी करामा भागात आमच्या डोक्यावर मिरी वाटतो. नाटकही त्यानंच लिहिलेलं. कोकणातला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा नाखवा, त्याचा मुलगा होडी घेऊन गेलाय तो परत आलेला नाही, आणि म्हातारा अंगणात बसून बायकोशी बोलतोय. मागे खराखुरा समुद्र असला तर नेपथ्याची गरजच काय, असं निनादचं म्हणणं. पडदा नको, विंगा नकोत, माइक तर नकोच नको. रोमन लोक काय कॉलर माइक लावून फिरायचे का, काकू? असं मलाच विचारायचा.

तांडेल अर्थातच चारुदत्त. आमच्या मंडळात मोठं काम आलं की ते चारूचं, आणि खुर्ची टाकून विंगेत बसायचं ते माझं. मी प्रॉम्प्टर. लोक हसतात ह्या शब्दाला, नाटकात जिला काही येत नाही तिला प्रॉम्प्टिंगला बसवतात असं त्यांना वाटतं. त्यांना म्हणावं, एकदा बसून बघा. पूर्ण वाक्य द्यायचं नसतं, नुसतं तोंड द्यायचं असतं, दोन शब्द. तेही नट अडकलाय हे लोकांना कळायच्या आत. आणि आवाज इतकाच, की नटाला पोचेल आणि पहिल्या रांगेतल्या बाईला पोचणार नाही. मला ते जमतं. गर्व म्हणा हवं तर.

पूर्वी चारूला माझी गरज लागत नसे. एका प्रयोगात एखाद वेळेला, तीही सवयीची. मग गेल्या वर्षी ऑफिसात काहीतरी बिनसायला लागलं. तो एस्टिमेशनमधला माणूस, कोटेशनं करण्यात उभी हयात गेली, आणि तो एकाच कोटेशनची मेल क्लायंटला पुन्हा पुन्हा पाठवायला लागला. बोलता बोलता शब्द निसटायचा. चमचा हातात धरून म्हणायचा, हे दे, ते, ज्यानं आपण ढवळतो ते. मी आधी चिडायचे. अरे, चमचा म्हण ना सरळ, एवढं काय अवघड आहे त्यात. मग डॉक्टर झाले, डोक्याचा एमआरआय झाला, आणि डॉक्टरांनी इंग्लिशमध्ये, फार गोड बोलून, जे सांगायचं ते सांगितलं. डिमेन्शिया. अगदी सुरुवात आहे, म्हणाले. शब्द आधी जातील. माणसं अजून बरीच वर्षं ओळखू येतील, तेवढी काळजी करू नका.

दवाखान्यातून आम्ही घरी आलो. चारू गॅलरीत खाली बघत उभा राहिला. मी चहा केला, तो तसाच गार झाला. मग तो मला म्हणाला, "हे नाटक होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. आपल्या लेकीलाही नाही. एकदा सांगितलं की मी पेशंट होईन गं. लोकांत एकदा नीट उभा राहू दे, मग तू गच्चीवरून ओरडून सांग."

त्यानं माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यानं कंपनीत राजीनामा दिला, लोकांना कारण सांगितलं की आता पुण्यात जाऊन आराम करायचाय. मार्चमध्ये कायमचं जायचं, त्याआधी जानेवारीत हे नाटक. सगळ्यांना वाटलं, काय छान, निरोपाचा प्रयोग. निनादनं तर पोस्टरवरच चारूचा फोटो टाकला.

तालमी करामातल्या एका क्लासच्या हॉलमध्ये व्हायच्या. तिथे मी चारूच्या इतकी जवळ बसायचे की काही प्रश्नच नव्हता. तो अडणार हे मला त्याच्या आधी कळायचं. मी दोन शब्द द्यायचे, तो घ्यायचा, गाडी पुढे. आता दोन शब्दांऐवजी बऱ्याचदा चार द्यावे लागत, आणि मोठ्या स्वगतात तर जवळजवळ प्रत्येक वाक्याला. पण कुणाच्या लक्षात आलं नाही. निनाद दिव्यांच्या विचारात, बाकीचे आपापल्या मोबाइलमध्ये. नूरुद्दीनला तेवढा वास आला असावा. नूरुद्दीन मूळचा रत्नागिरीचा, हमरिया फ्री झोनमध्ये त्याचं पत्र्यांचं गोडाऊन. नाटकात सावकाराचं काम करायचा आणि चारूला तांडेलाची बोली शिकवायचा. दोघांची वर्षानुवर्षांची दोस्ती, म्हणजे भेटले की एकमेकांची अक्कल काढायची आणि निघताना गळ्यात पडायचं. एकदा चहाच्या वेळी तो मला म्हणाला, भाभी, चारूभाई थकलाय काय? मी म्हटलं, वय झालं, तुझंही झालंय. तो हसला, विषय संपला.

कानात बसवायचं ते बटण मिळतं, तेही मी सुचवून बघितलं. दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये फक्त, आणि मला कुठेही लांब बसून बोलता आलं असतं. चारूनं ऐकूनच घेतलं नाही. कानात यंत्र घालून बोलायचं तर मग बातम्या वाचतो की, म्हणाला. खरं कारण मला माहीत होतं. बटण घातलं की निनाद विचारणार, का? मी तो विषय सोडून दिला.

खोर्फक्कानला तालीम एकच मिळाली, प्रयोगाच्या दिवशी दुपारी. सकाळी बस करामाहून निघाली, बोगद्यामागून बोगदे पार करत समुद्रावर उतरली. चारू खिडकीशी बसून खूश होता. थिएटरच्या शेजारी डोंगरावरून मोठा धबधबा सोडलेला, माणसांनी बांधलेला, पंपाचा. त्याचा आवाज असा, की निनाद मधोमध उभा राहून ओरडत होता आणि आम्हाला त्याचे नुसते हात दिसत होते. मी माझी जागा शोधली. रंगमंचाच्या मागच्या बाजूला जाडजूड खांब होता, त्याच्यामागे प्लास्टिकची खुर्ची टाकली. चारू तिथून बराच पुढे, तोंड लोकांकडे. मी पहिला शब्द दिला तो त्याला ऐकूच गेला नाही. मग जरा वाढवला. आणखी वाढवला. शेवटी एक आवाज असा सापडला, की चारूनं न वळता मान डोलावली. मी तो आवाज पक्का केला, आपण रेडिओचं बटण लावून ठेवतो तसा.

वर बसून कुणी ऐकून बघावं, हे मला सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं, पण माझ्या डोक्यात एकच, की हे नकली थिएटर आहे. दगड रचले म्हणून अम्मानची जादू थोडीच येते. माझ्या ह्या शहाणपणानंच घात केला.

सूर्य मावळला, मगरिबची नमाज झाली, लोक यायला लागले. दुबईहून, शारजाहून, गाड्या भरभरून मराठी माणसं. खालच्या पायऱ्या भरल्या, मग वरच्याही. मैथिली, आमची मुलगी, नवऱ्याला घरी ठेवून अस्मीला घेऊन आली होती. अस्मी सहा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमधून. आबांचं नाटक म्हणून नवा फ्रॉक घातलेला. आत आम्ही नटराजाच्या तसबिरीला हार घातला, निनादनं नारळ वाढवला, चारूनं नेहमीप्रमाणे माझ्या खुर्चीला हात लावून नमस्कार केला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, पुरे झाली नाटकं. तो हसला. चिकटवलेली मिशी त्याला फार शोभत होती.

तिसरी घंटा झाली आणि त्याच वेळी कुणीतरी धबधबा बंद केला. कार्यक्रमाच्या वेळी तो बंद ठेवतात, हे निनादला ठाऊक होतं, मला नव्हतं. इतका वेळ चाललेला तो आवाज गेला आणि शांतता पसरली. वाराही पडला होता. मला आपलं बरं वाटलं, म्हटलं चला, आता चारूला सगळ्यांना ऐकू जाईल.

पहिला प्रवेश उत्तम गेला. सावकार येतो, होडीचे पैसे मागतो, तांडेल त्याला हाकलून लावतो. नूरुद्दीन आणि चारू असे रंगले की लोकांनी दोनदा टाळ्या दिल्या. चारू एकदाच अडला, नूरुद्दीननंच सावरून घेतलं. मग नूरुद्दीन आत गेला आणि चारू एकटा उरला. अंगणातली चूल, समोर न दिसणारी बायको, आणि नाटक संपवणारं ते मोठं स्वगत.

"वारा फिरला," मी दिलं. दुपारी ठरवलेल्या आवाजात.

"वारा फिरला गो," चारू म्हणाला, आणि पुढे गेला. पहिल्या पायरीवरच्या बाईनं मान वळवून खांबाकडे बघितलं. मला वाटलं, माझा पदर दिसला असेल. मी तो आवरून घेतला. पुढचं वाक्य दिलं. आता त्या बाईशेजारच्या दोघांनीही बघितलं. समोरच्या बाजूला निनाद उभा होता, तो हाताचा पंजा खाली-खाली करत होता. हळू, हळू. मी आवाज कमी केला. मग आणखी कमी केला, नुसता श्वास राहिला. तरी वरच्या पायऱ्यांवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले होते. आणि चारू तर अडतच होता. एक वाक्य झालं की थांबायचा, आणि मी दिल्याशिवाय पुढे जायचा नाही. मला काय होतंय तेच कळेना.

मग वरून, पार वरून, अस्मीचा आवाज आला. ती आपल्या आईच्या कानातच बोलली असणार.

"ममा, व्हाय इज आजी टेलिंग हिम एव्हरीथिंग?"

ते मला माझ्याशेजारी बसून विचारल्यासारखं ऐकू आलं. तेव्हा मला कळलं. तिचं एवढंसं बोलणं मला इथे ऐकू येतंय, म्हणजे माझा प्रत्येक शब्द पहिल्यापासून तिथे पोचलाय. आधी माझा आवाज, मग चारूचा. सगळ्या गावानं ऐकलंय. मी खुर्चीचे हात धरून बसले.

चारूनंही ते ऐकलं होतं. त्याची पाठ ताठ झाली, हे मला मागून दिसलं. पुढचं वाक्य बाकी होतं. मी तोंड मिटून घेतलं. म्हटलं, बोल चारू, तुझं तू बोल, एकच वाक्य, दाराशी दिवा लाव, रोज म्हणतोस घरी, बोल. मी देव पाण्यात घालून बसले. समुद्राची लाट येत होती, जात होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. निनाद माझ्याकडे बघत होता, बोला म्हणून खुणावत होता, आणि माझी जीभ उचलेना. बोलले तर सगळे ऐकणार, नाही बोलले तर तो तसाच उभा. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शेवटी चारू वळला. नाटकातला तांडेल नाही, माझा चारू. खांबाकडे बघून म्हणाला, "शोभना, थांबलीस का? मला पुढचं येत नाही."

हळूच म्हणाला. पण तिथे हळू असं काही नव्हतंच.

मग मी उठले. काय करत होते मला ठाऊक नाही. खांबाआडून बाहेर आले, त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिले आणि मोठ्यानं, स्वच्छ आवाजात वाक्य दिलं. दाराशी दिवा लाव गो. त्यानं ते म्हटलं. मी पुढचं दिलं, त्यानं पुढचं म्हटलं. पूजेला बसलेला यजमान गुरुजींच्या मागून म्हणतो, तसं ते सबंध स्वगत आम्ही केलं. तो छान बोलत होता. खरंच सांगते, एवढं छान तो तालमीतही बोलला नव्हता. मी नुसते शब्द देत होते, त्यातलं रडू त्याचं होतं. मुलगा आता येणार नाही, हे तांडेल शेवटी बायकोला सांगतो, त्या वाक्याला माझा आवाज फुटला. त्यानं मला सावरून घेतलं, पुढे जाऊन ते वाक्य तोच आधी बोलला. तेवढं एक त्याला आलं.

लोक उभे राहिले. सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या, टाळ्या थांबेनात. कितीतरी जण रडत होते. मला त्या टाळ्या नको होत्या. नटाला मिळणाऱ्या टाळ्या मी आयुष्यभर ऐकल्यात, त्या अशा नसतात. चारू मात्र वाकून नमस्कार करत राहिला. मी त्याचा हात धरून त्याला आत नेलं.

मेकअपच्या खोलीत तो आरशासमोर बसला. घाम आलेला, मिशी एका बाजूनं सुटलेली. मला म्हणाला, झालं ना एकदाचं? मी म्हटलं, झालं. बरं झालं का? मी म्हटलं, फार बरं झालं. तेवढ्यात दार उघडलं आणि मंडळी यायला लागली. एरवी प्रयोगानंतर ह्या खोलीत कसला गोंधळ असतो. कोण चारूच्या पाठीत धपाटा घालतंय, कोण त्याची नक्कल करतंय, कोण वडे कुठायत म्हणून ओरडतंय. आज कुणी ओरडलं नाही. एकेक जण पाय न वाजवता आत आला.

पहिला सुजीत. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधला, रोज सकाळी चारूबरोबर चालायला जाणारा. तो चारूसमोर वाकला आणि म्हणाला, "काका, मी सुजीत. सुजीत."

चारू म्हणाला, हो रे. त्याला वाटलं असेल, हा का सांगतोय.

मग शुभ्रा आली, आमची कपडेपट सांभाळणारी, तासापूर्वी जिनं त्याला फेटा बांधला ती. तिनंही नाव सांगितलं. तिच्या मागून आलेल्यानंही सांगितलं. सगळे हसरे चेहरे करून, हळू आवाजात, अगदी प्रेमानं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, म्हणून तर मला ओरडता येईना. मी म्हणायला हवं होतं की बाबांनो, त्याचे शब्द जातात, माणसं जात नाहीत, तो तुम्हाला तुमच्या चालीवरून ओळखतो. पण आत इतके जण होते आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

चारूचा चेहरा बदलत गेला. आता तो हो रे म्हणत नव्हता, नुसता बघत होता. मग नूरुद्दीन आला. म्हटलं, हा तरी शिवी घालेल. नूरुद्दीननं डोक्यावरची टोपी काढली, चारूचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. डोळे भरलेले. म्हणाला, "चारूभाई, मी नूरुद्दीन. रत्नागिरीचा. इन्शाल्ला सब ठीक होईल."

चारूनं हात सोडवून घेतला.

दारात मैथिली उभी होती. रडून रडून नाक लाल झालेलं. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, मला जाब विचारणं पुढे व्हायचं होतं, आणि झालंही. तिनं अस्मीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं, वाकून कानात काहीतरी सांगितलं. अस्मी नव्या फ्रॉकमध्ये आरशापाशी आली, शाळेत उभं राहतात तशी उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, आय ॲम अस्मी. आय ॲम युअर ग्रँडडॉटर."

खोलीत कुणीतरी हुंदका दिला. चारूनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग मान वर करून त्यानं मला शोधलं, आणि फक्त मला ऐकू येईल इतकंच बोलला.

"मी सगळ्यांना ओळखतो गं. सांग ना त्यांना."

मी पुढे झाले. सांगते म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांगते, एकेकाला धरून सांगते. पण माझ्या आधी निनाद पोचला होता. तो चारूच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला, पाण्याची बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं विचारायला लागला, "काका, पाणी? पा-णी हवंय?"

चारूनं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं हो म्हणून मान हलवली.